अक्षता पडल्या की अडकणारा व्हिडिओ

वऱ्हाडात लग्नसराई आटोपली की महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या धंद्याची सराई सुरू होते. अमरावतीत राजकमल चौकाजवळ मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोक लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊन येतात. मोबाइलवर झकास चालणारी फाइल घरच्या कॉम्प्युटरवर लावली की मंगलाष्टकं पुढे जातात, नवरदेव मागे राहतो.

अकोल्याला जठारपेठेत माझ्या ताईकडेही तेच. "अक्षता पडल्या का अटकलाच समज," ती म्हणाली. भाऊजींचा निकाल लागलेला: "हे डबडं भंगारात देतो. नवीनच घ्या लागते."

ताईचं निरीक्षण अचूक होतं. फुल एचडी चित्र जसंच्या तसं साठवायचं तर सेकंदाला दीडशे एमबीच्या वर जागा लागेल, फोरकेला त्याच्या चौपट. म्हणून व्हिडिओत पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं. बाकी वेळ मागच्या चित्रात काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. भटजी शांत बसलेले असताना लिहायला फारसं काही नसतं. अक्षता उडाल्या की शेकडो दाणे शेकडो दिशांना, आणि ते सगळं उलगडून चित्र उभं करणाऱ्या डीकोडरची दमछाक.

हे उलगडणं दोघं करू शकतात: मुख्य प्रोसेसर, किंवा ग्राफिक्समध्ये त्याच कामासाठी कोरलेला खास भाग. दुसरा ते काम कमी विजेत, थंड डोक्याने करतो. अकोल्यात हा मुद्दा हलका नाही. मे २०२४ मध्ये उन्हापायी तिथे जमावबंदीचं कलम लावावं लागलं होतं. अशा खोलीत प्रोसेसर आधीच तापलेला, त्यात जास्त तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो.

ताईचा कॉम्प्युटर इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग त्यात आहे. पण कुणीतरी विंडोज नव्याने टाकताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाच नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसलं की समजावं, तो भाग झोपलेला आहे. इंटेलच्या साइटवरून ड्रायव्हर घेतला. मग व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडून टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट-कोडेक्स. तिथे हार्डवेअर डीकोडिंग 'डिसेबल' होतं, ते 'ऑटोमॅटिक' केलं. व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडलं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखालची 'व्हिडिओ डीकोड'ची रेघ वर गेली, सीपीयूची खाली आली. भाऊजी स्क्रीनपेक्षा ती रेघच पाहत बसले.

प्रेफरन्सेसच्या तळाशी डावीकडे 'सिंपल'ऐवजी 'ऑल' निवडलं तर सेटिंगचं जंगलच उघडतं. त्यात एक कामाची गोष्ट आहे: 'स्किप द लूप फिल्टर'. लूप फिल्टर चित्रातल्या चौकटींच्या कडा गुळगुळीत करतो. तो वगळला की जुन्या प्रोसेसरचं ओझं उतरतं, पण चेहऱ्यावर चौकोन उमटतात आणि पुढचं चित्र मागच्यावर बेतलेलं असल्याने ते वाढतही जातात. नवरीच्या चेहऱ्यावर हा प्रयोग करू नये. आणि 'कोडेक पॅक' म्हणून अनोळखी साइटवरून काहीही उतरवू नका. व्हीएलसीत डीकोडर आधीच असतात.

कधी कुलूप कंपनीचंच असतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या चिपमध्ये एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीचा डीकोडर होता, पण परवान्याच्या खर्चामुळे बंद. २०१२ मध्ये त्यांनी त्याची किल्ली २ पौंड ४० पेन्सला विकायला काढली. ती एका साध्या फाइलमध्ये लिहायची, आणि चालायची फक्त त्याच एका बोर्डावर.

मात्र जे चिपमध्ये कोरलेलंच नाही, ते कुठल्याही सेटिंगने येत नाही. इंटेलमध्ये आठ बिटचं एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून, दहा बिटचं सातव्यापासून, त्याहून नवी एव्ही१ पद्धत अकराव्यापासून. बडनेऱ्याचे एक काका चौथ्या पिढीचा कॉम्प्युटर घेऊन आले, त्यांना मी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने त्यांची फाइल फुल एचडीच्या एच.२६४ या जुन्या, हलक्या पद्धतीत बदलायला लावली. जुन्या मशीनवर असं काम रात्रभर चालतं, आणि मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ते मी दुकानातल्या इन्व्हर्टरवर करून देतो. त्याचे पैसे मात्र घेतो.