‘लाय’ आणि ‘ले’ : एका इंग्रजी क्रियापदाचें कूळ

इंग्रजी व्याकरणाच्या वाटेवर आमचीं मुलें जेथें हटकून ठेचाळतात, त्या स्थळांत ‘लाय’ आणि ‘ले’ हें जोडपें अग्रगण्य होय. पहिल्याचा अर्थ पडून राहणें. दुसऱ्याचा अर्थ कांहीं वस्तु ठेवणें वा घालणें. एवढ्यावर भागतें तर तक्रार नव्हती. परंतु ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ व धातुसाधित ‘लेन’. उलट ‘ले’चीं हीं दोन्ही रूपें ‘लेड’. एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमान! शिवाय खोटें बोलण्याचा ‘लाय’ निराळा, त्याचा भूतकाळ ‘लाइड’. मग ‘मी काल दिवसभर अंथरुणांत पडून होतों’ हें सांगतांना विद्यार्थी ‘आय लेड’ लिहून गुण गमावतो, यांत नवल तें काय?

नगर जिल्ह्यांत अध्यापन करीत असतां या रूपांचे तक्ते धडाधड म्हणणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. तक्ता पाठ असे, वाक्य मात्र चुके. कारण तक्त्यांत रूपें असतात, नातें नसतें. तें नातें आपल्या घरच्या व्याकरणांत आहे. संस्कृतांत ‘पतति’ म्हणजे पडतो, ‘पातयति’ म्हणजे पाडतो. यासच णिजन्त म्हणतात, मराठींत प्रयोजक. पडणें–पाडणें, मरणें–मारणें, तरणें–तारणें, सर्वत्र धातूंतील स्वर पालटला आहे. इंग्रजी ‘ले’ हा ‘लाय’चा असाच प्रयोजक. प्राचीन जर्मानिक भाषेंत प्रयोजकास एक प्रत्यय लागे. पुढें प्रत्यय झिजला, स्वरभेद तेवढा उरला. ‘सिट’–‘सेट’ व ‘राइज’–‘रेज’ याच कुळांतलीं. ‘फॉल’ म्हणजे पडणें आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणें, ही जोडी तर आपल्या पडणें–पाडणें यांची बहीणच शोभते. (नापास होण्याचा ‘फेल’ वेगळा!)

व्यवहारांत ‘काय?’ हा प्रश्न पुरेसा आहे. अहमद निजामशहानें नगर शहराचा पाया घातला. काय घातला? पाया; म्हणून ‘लेड’. नगर सीनेकाठीं वसलें आहे. येथें ‘काय’ला जागा नाहीं, म्हणून ‘लाइज’. पुस्तक काल मेजावर पडून होतें, येथें ‘ले’. कोंबडी अंडीं घालते तेथेंही ‘ले’च, मात्र प्रत्येक ‘घालणें’ म्हणजे ‘ले’ नव्हे, आमटींत मीठ घालतांना तो चालत नाहीं.

इंग्रज स्वतः या बाबतींत निर्दोष आहेत, असेंही नाहीं. १८१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्ड हॅरॉल्ड’च्या चौथ्या सर्गांत बायरननें ‘लाय’ हवा तेथें ‘ले’ योजला आहे. परंतु कवीस मिळणारी सवलत परीक्षार्थ्यास कोण देणार?

२००० सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी शिकविलें जातें, आणि आपल्यांतील कित्येक घरांनीं तर मुलें सर्वस्वी इंग्रजी माध्यमांत घातलीं आहेत. तेथें अकर्मक, सकर्मक, प्रयोजक हे शब्द त्यांच्या कानीं पडत नाहींत; इंग्रजीसाठीं म्हणून जें सोडलें, त्यांतच इंग्रजीची एक किल्ली होती. अशाच शाळेंतील सातवीच्या एका मुलीस आम्हीं प्रयोजक म्हणजे काय तें विचारलें. ती गप्प राहिली. पण ‘पडणें’ आणि ‘पाडणें’ यांतला भेद तिनें क्षणांत सांगितला. मग तिच्यापुढें ‘फॉल’ व ‘फेल’ मांडले. ‘सिट’ला ‘सेट’ तिनें आपण होऊन जोडला.