पाटील कुठे आहे?

प्राचार्यांच्या खुर्चीत मी उणेपुरे आठ महिने बसलो. तेही 'प्रभारी' हे शेपूट लावून. मराठीच्या अध्यापकाला अशी खुर्ची मिळाली की त्याला वाटते, आता आपण महाविद्यालय चालवणार. प्रत्यक्षात खुर्चीच त्याला चालवते! मूल्यमापनाचा अहवाल, विद्यापीठाची परिपत्रके, भिंतींचा रंग, पाहुण्यांचे हारतुरे. दिवस कसा जाई ते कळत नसे, आणि संध्याकाळी मी 'आज पुष्कळ काम झाले' अशा समाधानाने घरी परतत असे.

श्रावण सरता सरता एकदा प्रथम वर्षाच्या वर्गावर गेलो, तो मागची तीन बाके रिकामी. धानाच्या रोवण्यासाठी शेतावर गेलेली मुले परतलीच नव्हती. कुणी नागपूरला कामाला लागला होता, दोघींची लग्ने ठरली होती. हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे महिनाभर गैरहजेरी पडत होती आणि तो पट दर आठवड्याला माझ्याच टेबलावरून, माझ्याच सहीने पुढे जात होता.

त्या रविवारी मन रमेना म्हणून नवेगावबांधला गेलो. आमच्या गोंदिया जिल्ह्यातले हे सरोवर वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सुमारे ११ चौरस किलोमीटरचे पाणी. पण बांध मात्र त्या मानाने थोडाच. सभोवती 'सात बहिणी' म्हणतात ते डोंगर आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हे तळे बांधले असे सांगतात. त्याने डोंगर हलवले नाहीत. डोंगरांमधून पाणी जिथे निसटत होते, त्या खिंडी तेवढ्या बुजवल्या. माणसांचे सारे बळ तिथेच लावले. त्याचे पुढे दैवत झाले. तिथले लोक त्याला कोलासुर म्हणतात.

हे कोहळी तळी बांधण्यात निष्णात. आणि त्यांच्या पाठीशी राजाही तसाच होता. चांद्याचा गोंड राजा हीरशहा याच्याविषयी सांगतात की, जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असा त्याने नियमच केला. किती सुटसुटीत हुकूम! आजच्या एखाद्या कार्यालयाने पन्नास पानी धोरण काढले असते, आणि तळे बहुधा एकोणपन्नासाव्या पानावर आले असते.

पाळीवर एक म्हातारे शेतकरी भेटले. मी पाटलांचा विषय काढला. ते म्हणाले, "गुरुजी, पानी लागलं का पाटील पारीवर. घरी लगन असन, तरी पारीवर!" आमच्या झाडीपट्टीत पाळीला पार म्हणतात. पाटील स्वतः उभा, म्हणजे गावही फावडी घेऊन उभा. काय महत्त्वाचे, हे त्याला बोलून दाखवावे लागत नसे.

मालगुजारांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. त्यांच्या काळी वेठ होती, खंड होता. आणि पाटलाची उत्तम जमीन तळ्याखालीच असल्यामुळे त्याची काळजी निःस्वार्थ नव्हती. पण पाळ फुटली तर पहिले नुकसान त्याचेच, ही गोष्ट कामाला येई. १९५१ साली मालगुजारी गेली. जाणे योग्यच होते. तळी मात्र सरकारी झाली. ज्या कार्यालयाकडे ती गेली, त्याच्यापुढे शंभर कामे होती आणि तळे त्यांतले एक. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांवर तळी आहेत. 'माजी मालगुजारी' याचे लघुरूप करून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. कित्येकांत गाळ बसला, बेशरमाची झुडपे माजली.

याच भागात मनीष राजनकर आणि ढीवर मच्छीमार यांनी काही तळी पुन्हा जिवंत केली आहेत. त्यांनी मोठ्या बांधकामाला हात घातला नाही. मासे का गेले, एवढे एकच विचारले. उत्तर ढीवरांपाशीच होते: पाण्यातल्या ज्या वनस्पतींत मासळी अंडी घालते, त्याच नाहीशा झाल्या होत्या. तेव्हा बेशरम उपटला आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. मला यात कोलू पाटलाचीच रीत दिसते. खिंड कुठे आहे ते आधी पाहायचे.

सोमवारी मी हजेरीपट मागवला. बाकीचे कागद मुख्य लिपिकांच्या हवाली केले आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन दुपारनंतर गावोगाव जाऊ लागलो. एका बापाने चहा दिला, एकाने दारातूनच वाटेला लावले. दिवाळीपूर्वी चार मुले परत आली. त्या दोघींपैकी एकीच्या सासरच्यांनी परीक्षेला बसू देण्याचे कबूल केले. दुसरीचे घर मला सापडलेच नाही.

अहवाल उशिरा गेला. त्याबद्दल खुलासा मागणारे पत्र आले, ते मी फाइलीला लावून ठेवले आहे.