गुन्ह्यातील पीडितांचे कायदेशीर हक्क

गुन्ह्यातील पीडितांचे कायदेशीर हक्क म्हणजे गुन्ह्यामुळे हानी सोसलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना तपास, खटला, अपील आणि नुकसानभरपाई या टप्प्यांवर कायद्याने दिलेले अधिकार होत. भारतीय फौजदारी न्यायव्यवस्थेत गुन्हा हा समाजाविरुद्धचा अपराध मानला जातो. त्यामुळे खटला राज्यातर्फे सरकारी वकील चालवतो आणि पीडित व्यक्तीचे स्थान दीर्घकाळ फिर्यादी किंवा साक्षीदार एवढेच राहिले. ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने पीडिताला प्रथमच स्वतंत्र कायदेशीर स्थान मिळाले. नाशिक जिल्ह्यातील २००८च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यात या हक्कांचा उपयोग आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही दिसून आल्या.

पार्श्वभूमी आणि व्याख्या

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९८५ रोजी गुन्हेगारी व सत्तेचा गैरवापर यांच्या पीडितांसाठी न्यायाच्या मूलभूत तत्त्वांचा जाहीरनामा स्वीकारला. भारतात विधी आयोगाच्या १५४व्या अहवालाने (१९९६) नुकसानभरपाई योजनेची, तर न्या. मळीमठ समितीने (२००३) पीडिताला खटल्यात सहभाग देण्याची शिफारस केली.

त्यानंतर फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मध्ये कलम २ (डब्ल्यूए) अन्वये ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या समाविष्ट झाली. ज्या कृत्याबद्दल आरोपीवर दोषारोप ठेवला आहे, त्या कृत्यामुळे हानी किंवा इजा झालेली व्यक्ती म्हणजे पीडित. पालक आणि कायदेशीर वारस यांचाही त्यात समावेश होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दोषारोपाची अट वगळली. त्यामुळे दोषारोप ठेवला जाण्यापूर्वीही संबंधित व्यक्ती पीडित ठरू शकते.

तपासाच्या काळातील हक्क

नव्या संहितेनुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे बंधनकारक आहे. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीस किंवा पीडितास विनामूल्य मिळते (कलम १७३). तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवणे ही पोलिसांची जबाबदारी आहे (कलम १९३). दोषारोपपत्र व इतर कागदपत्रांच्या प्रती आरोपीप्रमाणेच, वकील नेमलेल्या पीडितालाही मिळतात (कलम २३०).

वकिलामार्फत प्रतिनिधित्व

न्यायालयाच्या परवानगीने पीडित व्यक्ती आपल्या पसंतीचा वकील नेमू शकते (कलम १८). मात्र हा वकील सरकारी वकिलाला साहाय्य करतो, त्याची जागा घेत नाही. पुरावा पूर्ण झाल्यावर तो न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद सादर करू शकतो. साक्षीदारांची तपासणी किंवा उलटतपासणी घेण्याचा आणि तोंडी युक्तिवाद करण्याचा स्वतंत्र हक्क त्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रेखा मुरारका खटल्यात (२०१९) स्पष्ट केले.

शासनाने नेमलेला विशेष सरकारी वकील हा पीडिताचा खासगी वकील नव्हे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोनई येथील तिहेरी हत्याकांडाचा (जानेवारी २०१३) खटला नाशिक सत्र न्यायालयात चालला. त्यात विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांनी काम पाहिले आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा आरोपींना शिक्षा झाली. अशा खटल्यातही सरकारी वकील राज्याचीच बाजू मांडत असतो.

सुनावणी आणि अपिलाचा हक्क

जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा (२०२२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, जामिनासह कार्यवाहीच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क असल्याचे नमूद केले. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाच्या कलम १५अ मध्ये, २०१६ पासून, जामिनासह न्यायालयीन कार्यवाहीची सूचना मिळण्याचा आणि बाजू ऐकली जाण्याचा हक्क आहे. राज्याला खटला मागे घ्यावयाचा असल्यास पीडिताला ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही (कलम ३६०).

निर्दोष मुक्तता, कमी गंभीर अपराधाखाली दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई यांविरुद्ध पीडिताला अपील करता येते (कलम ४१३). त्यासाठी न्यायालयाच्या विशेष परवानगीची गरज नाही, असा निर्णय मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात (२०१८) झाला. शिक्षा वाढवून मागण्याचे अपील मात्र राज्यालाच करता येते.

मालेगाव बॉम्बस्फोट खटला

२९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावातील भिक्कू चौकात मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट होऊन सहा जण ठार झाले आणि सुमारे शंभर जखमी झाले. प्रारंभीचा तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने केला. २०११ मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. २०१६ च्या पुरवणी दोषारोपपत्रात यंत्रणेने काही आरोपींविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याची भूमिका घेतली.

तपास यंत्रणेचीच भूमिका बदलल्यामुळे आरोपींच्या अर्जांना विरोध कोणी करावयाचा, हा प्रश्न उपस्थित झाला. एका मृत तरुणाच्या वडिलांनी वकिलामार्फत हस्तक्षेप करून जामिनास विरोध केला. एप्रिल २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने एका प्रमुख आरोपीस जामीन दिल्यानंतर त्यांनी सर्वोच्च न्यायालयातही दाद मागितली.

खटल्यात ३२३ साक्षीदार तपासले गेले. त्यांपैकी तीसहून अधिक फितूर झाले. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईतील विशेष न्यायालयाने सर्व सात आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्याच वेळी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना प्रत्येकी ५० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये मृतांच्या काही नातेवाइकांनी मुंबई उच्च न्यायालयात अपील दाखल केले. अपील करणाऱ्यांची खटल्यात साक्ष झाली होती का, अशी विचारणा खंडपीठाने प्राथमिक सुनावणीत केली. कायद्यातील व्याख्या मात्र झालेल्या हानीवर आधारलेली आहे; तीत साक्ष देण्याची अट नाही.

नुकसानभरपाई आणि विधी साहाय्य

अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे न्यायालयांवर बंधनकारक असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात २०१४ पासून पीडित नुकसानभरपाई योजना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील महिला व बालकांसाठी २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना सुरू झाली. डिसेंबर २०१७ च्या सुधारणेनंतर तीत कमाल दहा लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते.

आरोपी सापडला नाही किंवा खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताला भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो (कलम ३९६). प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित आहे. याच प्राधिकरणामार्फत महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि उत्पन्न मर्यादेतील नागरिक यांना विनामूल्य वकील मिळतो. नाशिक जिल्ह्यातील पीडितांसाठी नाशिक जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तर तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती हे काम पाहते.