गॉज नव्हे, गेज

मूर्तिजापूरच्या माणसाला ‘नॅरो गेज’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. शकुंतला ही नॅरो गेज गाडी इथूनच एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जात असे. ‘गेज’ हा शब्द कानावरून आला, म्हणून बरोबर आला. घोटाळा होतो तो छापील शब्द वाचताना. जी, ए, यू, जी, ई हे स्पेलिंग पाहिले की ‘ऑगस्ट’, ‘ऑटो’ यांच्या चालीवर ‘गॉज’ म्हणावेसे वाटते. हा तर्क मुळीच वेडगळ नाही. ‘ए-यू’चा उच्चार ‘ए’ होणारा रोजच्या वापरातला दुसरा इंग्रजी शब्द सापडणे कठीण. तरीही उच्चार ‘गेज’च, आणि त्यातला ‘ज’ ‘जन्म’मधला, ‘जग’मधला नव्हे. (अमेरिकी तांत्रिक लेखनात यू गाळलेले स्पेलिंगही चालते, ती छपाईची चूक नव्हे.) अर्थ कळल्याशी कारण, उच्चाराने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण ‘गॉज’ हा झेडने लिहिला जाणारा निराळाच शब्द आहे: जखमेवर ठेवायचे जाळीदार कापड. दवाखान्यात सुईचा गेज आणि हे कापड यांची गाठ रोजच पडते.

अर्थाबद्दलचा गैरसमज याहून खोल आहे. नॅरो गेज म्हणजे छोटी गाडी, असे सर्रास समजले जाते. गेज हे गाडीचे माप नव्हे, डब्याच्या रुंदीचेही नव्हे. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. शकुंतलेच्या मार्गावर ते 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. शेजारून जाणाऱ्या मुंबई–हावडा मार्गावर 1676 मिलिमीटर. डबा दोन्हीकडे रुळांच्या बाहेर येतोच. रुळांवर आकडा वाढला की अंतर वाढते. सुई, तार आणि पत्रा यांच्या बाबतीत मात्र नेमके उलट: 24 गेजची सुई 18 गेजच्या सुईपेक्षा बारीक असते. तार ओढताना ती क्रमाक्रमाने लहान छिद्रांतून काढत. जितक्या वेळा ओढली तितकी ती बारीक आणि क्रमांक मोठा, असा या उलट्या मोजणीचा उगम सांगतात. शिवाय लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे तक्ते वेगवेगळे आहेत, त्यामुळे गेज तोच असूनही जाडी बदलते. म्हणून छपरासाठी टिनपत्रा घेताना गेजच्या आकड्यावर थांबू नका. जाडी मिलिमीटरमध्ये विचारा आणि बिलावर लिहून घ्या.