चूक धनकोची, शिक्षा ऋणकोला

कर्ज फेडले की माणूस मोकळा झाला, ही आपल्याकडील जुनी समजूत आता अपुरी ठरली आहे. कर्ज फिटले तरी त्याची नोंद मागे उरते; आणि ती नोंद चुकीची असेल, तर फिटलेले कर्जही पुन्हा माणसाच्या मानगुटीवर बसते.

मुंबईतील घरांचे भाव न परवडल्याने जो नोकरदार वर्ग बदलापूरच्याही पुढे वांगणीपर्यंत सरकला, त्याला हे विशेष जाचक आहे. वांगणीत घर घ्यावयाचे तर बहुतेकांना कर्ज काढावेच लागते. आणि बँक प्रथम पाहते तो अर्जदाराचा पत-अहवाल, लोकांच्या तोंडचे ‘सिबिल’. त्यात कधी हप्ते पुरते फेडलेले कर्ज थकीत दिसते. कधी नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याची थकबाकी आपल्या नावे पडते. वसुलीचे तगादे सुरू होतात आणि घराचा अर्ज फेटाळला जातो. अलीकडे बँकभरतीच्या जाहिरातींतही पत-इतिहासाची अट आल्याने हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या दारीही येऊन ठेपला आहे.

याला कायद्याचा आधार नाही, असे नव्हे. पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा २००५ साली झाला. त्याच्या २१ व्या कलमान्वये अहवाल मागण्याचा व तीस दिवसांत दुरुस्ती मागण्याचा हक्क ऋणकोला आहे. अशा चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. तीस दिवसांत तक्रारीचा निकाल न लागल्यास दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ठरवून दिले. या कंपन्याही २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

परंतु खरी मेख त्याच कलमाच्या परंतुकात आहे. ज्या बँकेने नोंद पाठविली, तिने दुरुस्ती बरोबर असल्याचा दाखला दिल्यावाचून पतमाहिती कंपनीला नोंद बदलता येत नाही. वाद न्यायालयात असेल, तर तोवर बँकेच्याच वहीतील नोंद ग्राह्य धरली जाते. म्हणजे जिच्यावर आरोप, तीच पंच!

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्याने न्यायालयांवर जबाबदारी टाकली, की रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा. पावती व हिशेब मागण्याचा हक्कही शेतकऱ्यास मिळाला. सावकाराची वही हे वेदवाक्य नव्हे, हे परकीय सरकारलाही त्या वेळी मान्य करावे लागले होते.

ऋणकोच्या शब्दावर नोंदी पुसल्या, तर बुडवे मोकाट सुटतील, असा आक्षेप बँका घेतील. तो निराधार नाही. पण ऋणकोच्या शब्दावर विश्वास ठेवा, अशी मागणीच नाही. थकबाकीचा कागद धनकोने दाखवावा, एवढेच मागणे आहे. अमेरिकेत १९७० मध्ये झालेल्या कायद्यानुसार, तक्रारीनंतर ठरलेल्या मुदतीत ज्या नोंदीची खातरजमा होऊ शकत नाही, ती काढून टाकावी लागते. आपल्या परंतुकातही तसाच बदल हवा: मुदतीत पुरावा न आल्यास नोंद आपोआप गळावी, आणि निकाल लागेपर्यंत ती वादग्रस्त म्हणूनच दाखवावी.

तोवर ऋणकोने स्वतःचे कागद जपणे भाग आहे. शेवटचा हप्ता भरताच ना-देय दाखला घ्यावा, वर्षातून एकदा अहवाल पाहावा आणि चूक दिसताच बँक व पतमाहिती कंपनी या दोघांकडेही लेखी तक्रार करून तिची पोच ठेवावी. वांगणीहून पहाटेची लोकल गाठणाऱ्याला यासाठी एका दिवसाची रजा टाकावी लागते. चूक करणाऱ्याला मात्र ती निस्तरण्यास एका दाखल्यापलीकडे काही लागत नाही. हा विषम हिशेब जुळविणे, हे आता कायदा करणाऱ्यांचे काम आहे.