मे महिन्यातील पाहुणे आणि विहिरीचे पाणी

महाराष्ट्र दिन शुक्रवारी किंवा सोमवारी आला, की शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सलग सुटी मिळते आणि पुण्या-मुंबईकडील मोटारींची रांग दापोली तालुक्याच्या किनाऱ्याकडे वळते. या किनाऱ्यावरील एका गावात माझे वडिलोपार्जित घर आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बरोबर घेऊन मी दर मे महिन्यात तेथे जातो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी यांपैकी कोणत्याही गावाला पुढील वर्णन थोड्याफार फरकाने लागू पडावे.

मे महिन्यात गाव गजबजणे ही कोकणाला नवी गोष्ट नाही. आमच्या वडिलांच्या पिढीचे चाकरमानी मुंबईहून आगबोटीने हर्णै बंदरात येत आणि पडावातून किनाऱ्याला लागत, पुढे एस. टी. आली. ते येत ते महिनाभरासाठी. येताना चार पैसे आणीत, लग्नकार्ये उरकीत, छपरावरची कौले परतून घेत आणि फणसाची साठे व कोकमे घेऊन परत जात. ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे कोकणाचे जे वर्णन करण्यात येई, तिचा हा उन्हाळी उत्सव होता. त्या गर्दीला एक मर्यादा आपोआप पडलेली असे. आलेला प्रत्येक माणूस कोणाचा तरी नातलग असे, आणि त्याला लागणारे पाणी त्याने किंवा घरातील कोणी तरी रहाटाने ओढूनच काढावे लागे. दोन कळशा काढताना दंड भरून आले, की तिसऱ्या कळशीची गरज आपोआप कमी वाटू लागते. अर्थशास्त्रात आम्ही ज्याला नियंत्रित वाटप म्हणतो, ते काम तो करकरणारा रहाट कोणतेही शिधापत्रक न मागता करीत असे.

आजची गर्दी निराळी आहे, आणि तिच्यामागे एका वादळाचा इतिहास आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि लगतच्या दापोली व मंडणगड तालुक्यांनाही त्याने झोडपले. नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात, माडाला त्याहूनही अधिक. मधल्या काळात खायचे काय, हा प्रश्न बागायतदाराला पडला आणि त्याचे उत्तर त्याने स्वतःच्या घरात शोधले. माझ्या थोरल्या भावाने पतसंस्थेचे कर्ज काढून मागील पडवीच्या जागी तीन खोल्या बांधल्या. ‘घरगुती जेवणाची व राहण्याची सोय’ अशी पाटी लागली. आज आमच्या आळीत अशी पाटी नसलेली घरे मोजकीच उरली आहेत. या मंडळींना कोणी हौशी किंवा लोभी म्हणेल, तर तो अन्याय होईल. ज्याचे भांडवल वाऱ्याने मोडून टाकले, त्याने उरलेल्या भांडवलाचा उपयोग केला, एवढेच.

आता या तीन दिवसांचा हिशेब पाहू. शुक्रवारी दुपारपासून गाड्या येऊ लागतात. हर्णैच्या लिलावात सुरमई आणि पापलेट यांचे भाव चढतात. घाटावरची भाजी टेम्पोने येते. कोंबडी, गॅसची टाकी, बाटलीबंद पाणी हे सर्व बाहेरूनच येते. पाहुण्याने दिलेल्या रुपयातील बराचसा भाग अशा रीतीने ज्या रस्त्याने आला त्याच रस्त्याने परत जातो. गावात राहते ते खोलीचे भाडे, मोदक वळणाऱ्या व भांडी घासणाऱ्या बायकांची मजुरी, आणि आंब्याच्या दोन-चार पेट्यांचे पैसे. तेही थोडे नव्हे. ज्या बाईला पूर्वी पावसाळ्यातील लावणीवाचून हाती रोख रक्कम दिसत नसे, तिला आता उन्हाळ्यात काम मिळते. ऐन आंबा उतरवण्याच्या दिवसांत गडी मिळेनासे होतात आणि बागांवर नेपाळहून आलेली माणसे ठेवावी लागतात, ही गोष्ट अलाहिदा. वाळूत मोटारी घालून त्या भरतीत रुतवून घेणाऱ्या हौशी वीरांविषयी आणि सोमवारी मागे राहणाऱ्या प्लॅस्टिकविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी त्यात भर घालीत नाही.

खरा प्रश्न विहिरीत आहे. दापोलीच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु जांभा दगड चाळणीसारखा. पाणी जितक्या लवकर मुरते तितक्याच लवकर ते पाझरून समुद्राला मिळते, आणि मे महिन्यात विहिरींनी तळ गाठलेला असतो. म्हणजे पुरवठा ज्या आठवड्यात वर्षातील नीचांकावर असतो, नेमक्या त्याच आठवड्यात मागणी उच्चांकाला पोचते. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. समुद्रात डुंबून आलेला, दोनदा स्नान करणारा शहरी पाहुणा दीडशे लिटरला ऐकत नाही, आणि त्याच्या दिमतीला आता रहाट नसून विजेचा पंप आहे.

किनाऱ्यावरील विहिरीचे शास्त्रही समजून घेण्याजोगे आहे. जमिनीखाली गोडे पाणी जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असली, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते, असा एक ढोबळ नियम आहे. घनतेतील फरकावरून तो निघतो. याचाच अर्थ असा, की वरची पातळी फूटभर उतरली आणि तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू पाहते. पंपाने एकाच जागी जोराने उपसा केला, तर त्या विहिरीखाली ते अधिकच झपाट्याने उसळून येते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास एक पावसाळा पुरेलच अशी खात्री देता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यातील अशाच एका रविवारी सकाळी पाहुण्यांपैकी एका गृहस्थांनी चहाची चव बिघडल्याची तक्रार केली. वहिनींनी नवे आधण ठेवले, तोही चहा तसाच झाला. विहिरीवर जाऊन मी पाणी चाखले. खारट नव्हते, पण जिभेवर रेंगाळत होते. त्याच वेळी मागच्या वाडीतील काकी हंडा घेऊन आल्या. त्यांच्या घराला विहीर नाही. तीन पिढ्या ते कुटुंब आमच्याच विहिरीवर पाणी भरत आले आहे. आदल्या दिवशी वहिनींनी त्यांना रात्री उशिरा येण्यास सांगितले होते. त्या आल्या तेव्हा विहिरीत केवळ गाळ होता. त्या काही बोलल्या नाहीत. रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या.

त्या गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, अर्थशास्त्र तुम्ही शिकवता. मग सांगा, पाणी नाही असं पाहुण्याला सांगू, की शेजारणीला? पाहुण्याचे पैसे हप्त्याला जातात.”

वर्गात या प्रश्नाला मी बाह्य परिणाम असे नाव देतो आणि फळ्यावर दोन रेषा काढतो. वहिनींपुढे त्या रेषा काढण्याचे धैर्य मला झाले नाही. खोलीचे भाडे ठरविताना त्यांनी तांदूळ, मासळी, गॅस, मजुरी या सर्वांची किंमत धरली होती. पाण्याची धरली नव्हती, कारण पाण्याला किंमत नाही. ती किंमत काकींनी भरली.

यावर शासनाकडे बोट दाखविणे सोपे आहे. वास्तविक कायद्यांची वाण नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या भूजल कायद्याने बंधन घातले. त्यानंतर २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. उणीव आहे ती गावाच्या तिजोरीत. वित्त आयोगाच्या अनुदानाचे वाटप करताना लोकसंख्येला सर्वाधिक वजन दिले जाते, आणि ती लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीची. ही शिरगणती फेब्रुवारीत झाली. चाकरमानी तेव्हा मुंबईत होता आणि पर्यटक आपापल्या घरी. २००१ ते २०११ या दशकात सबंध रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या घटली होती. तेव्हा कागदावर आमचे गाव ओसरत चाललेले गाव आहे. मे महिन्यात त्याच गावाला कित्येक पट माणसांचे पाणी, सांडपाणी आणि कचरा सांभाळावा लागतो, याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

माझे मत असे, की पाहुण्यामागे दर रात्रीला एक लहानशी रक्कम ग्रामपंचायतीने घ्यावी. माथेरान व महाबळेश्वर येथील नगरपरिषदा बाहेरून येणाऱ्यांकडून असा कर घेतच आल्या आहेत आणि त्यामुळे तेथील गर्दी आटल्याचे ऐकिवात नाही. ग्रामपंचायतींच्या कायद्यातही यात्रेकरूंवरील कराची तरतूद आहे. त्या शब्दात समुद्रस्नानासाठी येणारा बसतो की नाही, हे विधिज्ञांनी पाहावे. परंतु हा पैसा दिव्यांच्या कमानींवर न जाता पाण्याच्या टाक्यांवर गेला पाहिजे. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद छपरावर आमच्याकडे वर्षाला साडेतीन लाख लिटर पाऊस पडतो. त्यातील केवळ पन्नास हजार लिटर साठविता आले, तरी दररोज बारा पाहुणे उतरणाऱ्या घराची जवळजवळ चार आठवड्यांची गरज विहिरीला हात न लावता भागते. टाकीचा खर्च एकट्या बागायतदाराला पेलणारा नाही. करातून त्यातील निम्मा वाटा मिळाला, तर पेलेल. त्याबरोबर एप्रिल-मेमध्ये पंपाचे तास ठरवून द्यावे लागतील आणि ज्यांना विहीर नाही त्यांचा पहाटेचा हक्क लेखी नोंदवावा लागेल. ही शेवटची अट माझ्या आळीतील पुष्कळांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. आमच्या घरातही ती एकमताने संमत झालेली नाही.

हा विषय ग्रामसभेत मांडावा, असे भावाने ठरविले होते. ग्रामसभा प्रथेप्रमाणे १ मे रोजी असते. त्या दिवशी शाळेतील ध्वजवंदनानंतर सरपंच, ग्रामसेवक आणि दहा-बारा माणसे वर्गखोलीत थांबली. बाकीचे गाव पाहुण्यांना न्याहारी वाढत होते. भाऊही त्यांतच होता. गणसंख्या भरली नाही, सभा तहकूब झाली, आणि पाण्याचा विषय पुढील सभेवर गेला. ती १५ ऑगस्टला भरेल. तेव्हा आमची विहीर काठोकाठ भरलेली असते, कोणीही वाकून हाताने पाणी घ्यावे अशी.