जन्मापूर्वींची थकबाकी

दोन वर्षांपूर्वीं पौषांतील एका रात्रीं आमच्या मेंढीस जुळें झालें. एक कोंकरूं टणक, दुसरें अगदींच लहान. पहांटे तें लहान कोंकरूं गारठून मेलेलें आढळलें. गड्यानें थंडीस बोल लाविला व आम्हींही तो मानिला. वास्तविक त्या मरणाचें मूळ दोन-तीन महिने आधींचें होतें, हें पुढें वाचनानें ध्यानीं आलें.

मेंढी सुमारें १५० दिवस गाभण असते. वारेची वाढ पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक पुरी होते. गर्भ मात्र आपल्या वजनाचा निम्म्याहून बराच अधिक भाग शेवटच्या ६ आठवड्यांत मिळवितो. वार लहान राहिली, किंवा शेवटीं आईस चारा अपुरा पडला, तर गर्भास साखर कमी पोंचते. मग मेंदूचें पोषण आधीं राखलें जातें व यकृत, स्नायु आणि चरबी यांस तोटा सोसावा लागतो. अशा कोंकराचें डोकें मोठें व अंग रोड दिसतें तें यामुळेंच.

नाळ तुटतांच आईकडील साखर बंद होते. चीक मिळेपर्यंत यकृतांतील सांठ्यावर जगावयाचें, व मूत्रपिंडांभोंवतालची तपकिरी चरबी जाळून ऊब राखावयाची. वाढ खुंटलेल्या कोंकरांत हे दोन्ही सांठे तोकडे असतात. शिवाय लहान अंगांतील उष्णता लवकर निघून जाते.

आम्हीं महसूलखात्यांत पुष्कळ थकबाकी वसूल केली. ही मात्र मागाहून पुरती वसूल होत नाहीं. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, कमी वजनाचीं जन्मलेलीं कोंकरें इतरांच्या वजनास आलीं तेव्हां त्यांच्या अंगीं चरबी अधिक आढळली.

यास्तव मेंढी व्याल्यावरच खुराक सुरू करण्याची चाल सोडावी. शेवटचे ६ आठवडे कडब्याच्या जोडीस पेंड व हिरवा पाला द्यावा, पण खुराक हळूहळू वाढवावा. लहान कोंकरूं जन्मतांच पुसून कोरडें करावें, आणि तास-दोन तासांच्या आंत दर किलो वजनास ५० मिलिलिटर कोमट चीक पाजावा. मान टाकलेल्या कोंकराच्या तोंडांत चीक ओतूं नये. तो फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. अशा वेळीं जाणत्या पशुवैद्यास बोलवावें.